हिंगोलीची छावणी आणि एक इंग्रज कादंबरीकार

हिंगोलीचें नांव निघालें कीं मराठी माणसाच्या मनांत प्रथम दोन पुण्यस्थळें उभीं राहतात. एक नरसी, कयाधूच्या परिसरांतील हें गांव नामदेव महाराजांचें जन्मस्थान म्हणून पूज्य मानलें जातें. दुसरें औंढ्याचें नागनाथ-मंदिर; तेथें ज्योतिर्लिंगाच्या दर्शनासाठीं आजहि दूरदूरचे यात्रेकरू येतात. परंतु या भूमीशीं जडलेली तिसरी एक आठवण आहे, आणि ती ना भक्तीची, ना तीर्थाची. जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वीं हिंगोलीच्या छावणींत एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याची मोठी पत होती. इंग्रज अंमलदार त्याच्याशीं देवघेव करीत. पुढें तो ठगांच्या एका टोळीचा नायक निघाला. त्याच्याशीं व्यवहार केलेल्या अंमलदारांपैकीं एक तरुण नंतर कादंबरीकार झाला. त्याचें नांव फिलिप मेडोज टेलर.

एका पुस्तकानें लेखकास कीर्ति द्यावी आणि त्याच पुस्तकानें त्याचें उरलेलें आयुष्य झांकून टाकावें, असा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासांत कधीं कधीं घडतो. टेलर यांच्या वांट्यास तो आला. ठगांची कादंबरी लिहिणारे टेलर जगास ठाऊक आहेत. दक्षिणेंतील रयतेंत छत्तीस वर्षें राहिलेले, तुळजापूरच्या भवानीच्या छायेंत आपली कथानायिका वाढविणारे टेलर फारच थोड्यांस ठाऊक आहेत. या दोन्ही टेलरांची ओळख एकत्र करून घेतली, तरच त्या मनुष्याचा न्याय होतो.

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजीं लिव्हरपूल येथें झाला. वडील व्यापारी होते. परंतु घरची स्थिति हळूहळू खालावत गेली. तेव्हां पंधरा वर्षांच्या या मुलास मुंबईच्या बॅक्स्टर नांवाच्या व्यापाऱ्याकडे धाडण्याचें ठरलें. आधीं कारकुनी करावी आणि एकविसावें वर्ष लागतांच पेढींत भागीदारी मिळावी, असा बेत होता. १८२४ च्या सप्टेंबरांत मुलगा मुंबईच्या बंदरावर उतरला. पाहतो तों पेढीच डबघाईस आलेली! भागीदारी मिळाली असती तर ती कर्जांतच मिळावयाची. सुदैवानें मुंबई सरकारच्या सचिवालयांत न्यूनम नांवाचे एक आप्त मोठ्या अधिकारावर होते. त्यांच्या खटपटीनें टेलर यांस निजामाच्या फौजेंत अंमलदाराची जागा मिळाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा सोळा वर्षांचा पोर औरंगाबादेस आपल्या पलटणींत दाखल झाला.

या नोकरीचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. कंपनीच्या फौजेंतील अंमलदारास बढती, मान आणि निवृत्तिवेतन यांची जी शाश्वति असे, ती निजामाच्या चाकरींतील गोऱ्या अंमलदारास नसे. तो गोरा खरा, पण दुय्यम प्रतीचा. टेलर यांस हें शल्य जन्मभर बोंचत राहिलें. तथापि या दुय्यमपणाचा एक लाभहि त्यांना झाला. कंपनीचा अंमलदार प्रांतोप्रांतीं फिरे; टेलर दक्षिणेंतच राहिले. त्यांनीं हिंदुस्थानी भाषा मनापासून अभ्यासिली, मराठी मुलखांत वावरून तेथील रीतिभाति जाणून घेतल्या, आणि दुभाष्यावांचून लोकांचें म्हणणें ऐकूं लागले. लेखकाचें पहिलें भांडवल कान होय, आणि तें त्यांनीं विसाव्या वर्षापूर्वींच जमविलें.

अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना निजामाच्या नैर्ऋत्य जिल्ह्यांत पोलीस खात्याचें काम मिळालें. तुळजापूरचा परिसर याच टापूंतला. दरोडेखोरांचा पाठलाग करावा, गांवोगांवच्या पाटील-कुळकर्ण्यांची गाऱ्हाणीं ऐकावीं, तंबूंत बसून जबान्या लिहाव्या, असा त्यांचा दिनक्रम होता. वाटसरू नाहींसे होत, पण मारेकऱ्यांचा माग मात्र लागत नसे. टेलर या गूढाच्या उंबरठ्याशीं येऊन ठेपले होते, इतक्यांत त्यांना पलटणींत परत बोलावण्यांत आलें. त्या कामावर राहिलों असतों तर ठगांचा छडा प्रथम आपल्याच हातून लागला असता, अशी हळहळ त्यांनीं म्हातारपणीं आत्मचरित्रांत बोलून दाखविली आहे. तो मान जबलपूर-सागरकडील कॅप्टन स्लीमन यांस मिळावयाचा होता.

स्लीमन यांनीं पकडलेल्या ठगांपैकीं कांहींना माफीचे साक्षीदार केलें. त्यांनीं आपल्या सोबत्यांचीं नांवें सांगितलीं, त्या सोबत्यांनीं आणखी इतरांचीं. असा हा धागा उलगडत उलगडत नर्मदेच्या खालीं दक्षिणेंत आला, आणि १८३२ च्या सुमारास हिंगोलीपर्यंत पोंचला.

त्या काळची हिंगोली म्हणजे निजामाच्या फौजेची एक महत्त्वाची छावणी. ही फौज निजामाच्या पैशानें पोसली जाई आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकुमानें चाले. पुढें १८५३ च्या तहानंतर तिला हैदराबाद कंटिंजंट हें नांव रूढ झालें, आणि तिची हिंगोलीची छावणी १९०३ पर्यंत टिकली. छावणी बसली कीं तिच्या पाठोपाठ बाजार बसतो. बाजारापाठोपाठ वाणी, सराफ, बैलवाले, हमाल आणि वाटसरू येतात. अशा गर्दींत नवा चेहरा कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं, आणि नाहींसा झालेला चेहरा कोणाला आठवत नाहीं. ठगांच्या धंद्यास याहून सोयीची जागा कोणती?

हिंगोलीच्या त्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याचें नांव हरिसिंग. त्याची एक हकीकत टेलर यांनीं आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेंत नमूद केली आहे. एकदां हरिसिंगानें मुलकी कामावरील कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे मुंबईहून कापड आणण्यासाठीं परवाना मागितला. परवाना मिळाला. कापड खरोखरच वाटेवर होतें. मात्र तें हरिसिंगाचें नव्हतें. हिंगोलीपासून जवळच्याच एका गांवचा व्यापारी तें घेऊन येत होता. हरिसिंगानें त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस आणि बैलवाल्यांस वाटेंत मारलें. त्या सरकारी परवान्यावर माल बिनबोभाट हिंगोलीस आणला. आणि छावणींत उघडपणें विकला. कोणाला संशयहि आला नाहीं. पकडला गेल्यावर त्यानें स्वतःच ही गोष्ट सांगितली, आणि ती एखादी फर्मास थट्टा असावी अशा थाटांत सांगितली.

थट्टा होती खरी, आणि ती रस्त्यांची राखण करणाऱ्यांचीच होती. ज्यांच्या शिक्क्यानें वाटसरूंना अभय मिळावयाचें, त्यांच्याच शिक्क्याखालीं मेलेल्यांचा माल बाजारांत आला होता. इतकेंच नव्हे, तर हरिसिंगाच्या टोळीनें अनेक माणसें छावणीच्या बाजारांतच, मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आंत, मारलीं होतीं. आणि त्यांचीं प्रेतें पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पांचशें यार्डांवर पुरलीं होतीं. माफीचे साक्षीदार एकेक जागा शांतपणें दाखवीत, कुदळी चालत, आणि एकेका खड्ड्यांतून अनेक सांगाडे निघत. हे खड्डे उकरले जात असतां टेलर स्वतः तेथें हजर होते. त्यांचें वय त्या वेळीं चोवीस-पंचवीस वर्षांचें होतें. आपण ज्या बाजारांतून रोज घोड्यावरून जात होतों, ज्याच्याशीं हंसून बोलत होतों, त्यांच्याखालीं काय दडलें होतें, हें त्या दिवशीं त्यांना कळलें.

त्यांनीं जबान्या लिहून घेण्याच्या कामीं आपण होऊन मदत देऊं केली, आणि ती स्वीकारली गेली. दिवसामागून दिवस तेच तें ऐकावयाचें: यात्रेकरूंच्या वा व्यापाऱ्यांच्या वेषांत प्रवाशांशीं ओळख काढणें, चोरांचें भय दाखवून एकत्र प्रवासास प्रवृत्त करणें, चार दिवस एका चुलीवर जेवणें, आणि मग एखाद्या सांजवेळीं नायकानें तमाखू आणण्याचा हुकूम सोडतांच रुमालानें गळे आवळणें. इतर अंमलदारांस या जबान्या म्हणजे पुरावा होता. टेलर यांस त्या पुराव्यांत माणूस दिसूं लागला. काय घडलें यापेक्षां सांगणारा तें कसें सांगतो, याकडे त्यांचें लक्ष अधिक होतें. याच काळांत, १८३२ सालीं, सागरहून निजामाच्या मुलखांत पाठविलेल्या साक्षीदारांमध्यें त्यांना अमीर अली भेटला. ७१९ खुनांत आपला हात होता, असें तो सांगे. आणि मध्यंतरीं बारा वर्षें तुरुंगांत गेलीं नसतीं तर हजार पुरे केले असते, अशी पुस्तीहि जोडी.

याच माणसावर टेलर यांनीं आपली कादंबरी उभारली. एका ठगाचा कबुलीजबाब, हा तिचा विषय आणि हेंच तिचें नांव. १८३९ सालीं, टेलर रजेवर विलायतेस असतां, ती लंडनमध्यें तीन भागांत प्रसिद्ध झाली. वाचकांनीं तिच्यावर झडप घातली. तरुण राणी व्हिक्टोरिया हिनें तर पुस्तक बांधून होईपर्यंत धीर न धरतां छापलेले फर्मे मागवून घेतले, असें टेलर सांगतात.

या ग्रंथाची खुबी कोठें आहे? ती भयानक प्रसंगांत नाहीं. तसे प्रसंग सरकारी कागदांत हवे तितके होते. ती निवेदनांत आहे. टेलर यांनीं कथा स्वतः न सांगतां अमीर अलीच्या तोंडीं घातली, आणि आपण बहुतेक वेळ गप्प राहिले. अमीर अली स्वतःस गुन्हेगार समजत नाहीं. तो कुलीन आहे, मोठ्या अदबीनें बोलतो, मित्रांस जागतो, मुलाबाळांवर जीव टाकतो. इंग्रज साहेब लोक हरणें आणि वाघ यांच्या शिकारीसाठीं दिवस-दिवस रानांत भटकतात, मग माणसासारख्या चतुर सावजाची शिकार करणारा ठग श्रेष्ठ कां नव्हे, असा प्रश्न तो सरळ साहेबास विचारतो! टेलर यांचा विनोद तो हा. तो हंसवीत नाहीं. ओठांवर आलेलें हंसूं गोठवितो. साहेबाजवळ या प्रश्नाचें उत्तर असलें, तरी लेखकानें तें घाईनें पुढें केलेलें नाहीं. आणि या सभ्य खुन्याचा सूड नियतीनें कसा उगविला? ज्या ठगानें त्याला पोटच्या मुलाप्रमाणें वाढविलें, त्यानेंच त्याच्या आईबापांस मारलें होतें. आणि पुढें नकळत त्याच्या हातून सख्ख्या बहिणीचा खून झाला. हिंगोलीच्या हरिसिंगाची थट्टा कादंबरींत अशी उलटली.

परंतु इतिहासाच्या दृष्टीनें या ग्रंथाकडे पाहतांना थोडें सावध राहावें लागतें. माफीचा साक्षीदार हा विचित्र प्राणी आहे. त्याचा जीव दुसऱ्यास अडकविण्यावर अवलंबून असतो. आणि जितके गुन्हे मोठे, तितकें त्याचें मोल अधिक. १८३६ च्या कायद्यानें तर ठगांच्या टोळींत सामील असणें एवढ्यावरच जन्मठेपेची शिक्षा देतां येऊं लागली. विशिष्ट खून सिद्ध करण्याचीहि गरज राहिली नाहीं. अशा स्थितींत ७१९ हा आंकडा बढाईचा किती आणि खरा किती, हें कोण सांगणार? किम वॅग्नर यांच्यासारख्या अलीकडच्या इतिहासकारांनीं २००७ सालीं व त्यानंतर या जबान्या नव्यानें तपासल्या. वाटमारी करणाऱ्या टोळ्या होत्या, माणसें मारलीं जात होतीं, हें ते नाकारीत नाहींत. हिंगोलीच्या खड्ड्यांतील सांगाडे काल्पनिक नव्हते. परंतु सबंध हिंदुस्थानभर पसरलेला, भवानीच्या नांवानें चालणारा एकच एक खुनी पंथ, हें जें चित्र विलायतेंत रंगलें, त्यांत राज्यकर्त्यांच्या कल्पनेचा व सोयीचा भाग मोठा होता, असें त्यांचें म्हणणें आहे.

त्या चित्राचे रंग पक्के करण्यास टेलर यांची कादंबरी पुष्कळ कारण झाली, हें मान्य केलें पाहिजे. ठग हा आपला जुना शब्द. त्याचा साधा अर्थ फसविणारा. तो इंग्रजी भाषेंत जाऊन कायमचा बसला, आणि तेथें कोणत्याहि गुंडाचें नांव झाला. ज्या भूमीनें नामदेवांसारखा संत दिला, तिची दूरदेशीं ओळख व्हावी ती रुमाल आणि कुदळ यांनीं! लेखणीचा हा अन्याय तरवारीहून टिकाऊ असतो. मात्र तो करणारा लेखक त्या पुस्तकाशीं थांबला नाहीं, आणि येथूनच दुसऱ्या टेलरांचें चरित्र सुरू होतें.

हैदराबादचे सुप्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांच्या कन्या मेरी या टेलर यांच्या पत्नी. पामर यांची आई हिंदी होती. म्हणजे टेलर यांच्या घरांत हिंदुस्थान हा परका देश नव्हता. १८४४ सालीं पत्नी वारल्या. टेलर यांनीं पुनः लग्न केलें नाहीं. विलायतेहून परतल्यावर १८४० ते १८५३ पर्यंत त्यांनीं लंडनच्या टाइम्स पत्राचें बातमीदारपण केलें. याच काळांत सुरपूर येथील बेरड राजाच्या छोट्या संस्थानाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. राजा वेंकटप्पा नायक अल्पवयी होता. टेलर यांनीं संस्थानचें कर्ज आवरलें, रस्ते आणि तलाव केले, आणि मुलाच्या शिक्षणाकडे लक्ष दिलें. लोक त्यांना प्रेमानें महादेवबाबा म्हणत. बालराजा त्यांना आप्पा म्हणे.

या नात्याचा शेवट फार करुण झाला. राजा वयांत आल्यावर १८५३ मध्यें टेलर यांनीं कारभार त्याच्या स्वाधीन केला. १८५८ सालीं तोच राजा इंग्रजांविरुद्ध उठला, हरला, आणि हैदराबादेंत पकडला गेला. प्रथम त्याला मृत्यूची शिक्षा झाली. ती सौम्य होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. परंतु कैदेच्या जागीं नेत असतां वाटेंत त्याच्याबरोबरच्या अंमलदाराच्या पिस्तुलाची गोळी लागून त्याचा अंत झाला. राजा चोविसाव्या वर्षापलीकडे जगणार नाहीं, असें त्याच्या पत्रिकेंतील भाकित टेलर यांस पूर्वींच सांगण्यांत आलें होतें. ज्या मुलास हाताला धरून वाढविलें, त्याच्याच राज्याची पुनः व्यवस्था लावण्यासाठीं त्यांना सुरपुरास जावें लागलें. ठगांच्या हकीकती ऐकून न द्रवलेला त्यांचा लेखणीचा हात ही हकीकत लिहितांना कांपलेला जाणवतो.

मध्यंतरीं १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या मुलखांपैकीं नळदुर्ग जिल्हा टेलर यांच्याकडे आला. जमिनीची मोजणी व साऱ्याची आकारणी त्यांनीं नव्यानें सुरू केली. १८५७ च्या वादळांत त्यांना वऱ्हाडांत बुलढाण्यास धाडण्यांत आलें. फौज देतां येत नाहीं, होईल त्या उपायानें जिल्हा धरून ठेवा, असा रेसिडेंटांचा हुकूम होता. टेलर यांच्याजवळ तोफा नव्हत्या. होती ती लोकांची भाषा. त्या बळावर जिल्हा शांत राहिला, इतकेंच नव्हे तर मद्रासकडून उत्तरेस जाणाऱ्या सैन्यासाठीं तेथून बैलहि पुरविले गेले. ज्यांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता त्यांच्या दृष्टीनें ही कामगिरी भूषणावह म्हणतां येणार नाहीं. परंतु एकट्या परक्याच्या शब्दावर रयतेनें विश्वास ठेवला, ही गोष्ट त्या मनुष्याविषयीं कांहीं सांगून जाते.

प्रकृति ढासळल्यामुळें १८६० सालीं ते निवृत्त होऊन विलायतेस गेले. तेथें त्यांनीं जणूं जुनें कर्ज फेडावयास घेतलें. १८६३ मध्यें त्यांची तारा ही मराठी मुलखाची कादंबरी निघाली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा कन्या. ठगांच्या जबान्यांतून जी भवानी विलायतेस रक्तपिपासू म्हणून ठाऊक झाली होती, तीच येथें तुळजापूरच्या भाविकांची आई म्हणून दिसते. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांचा प्रसंग या कथेच्या मध्यभागीं आहे. टेलर यांनीं मराठ्यांचा उदय, प्लासीची लढाई आणि सत्तावनचा उठाव यांवर तीन कादंबऱ्या योजिल्या, आणि १६५७, १७५७ व १८५७ अशीं शंभर-शंभर वर्षांच्या अंतराचीं सालें जुळविलीं. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा. कादंबरीकाराच्या योजनेसाठीं इतिहासास दोन वर्षें मागें सरावें लागलें! दुसरी कादंबरी १८६५ सालीं आणि सत्तावनवरील सीता १८७२ सालीं आली. १८७० मध्यें त्यांनीं विद्यार्थ्यांसाठीं हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. आणि अहमदनगरच्या चांदबिबीवरील कादंबरी त्यांच्या मरणानंतर, १८७८ सालीं, प्रसिद्ध झाली.

अखेरच्या दिवसांत त्यांची दृष्टि गेली. तरीहि सर सालारजंग यांच्या निमंत्रणावरून १८७५ सालीं ते पुनः हैदराबादेस आले. ज्या मुलखाचीं चित्रें त्यांनीं एकेकाळीं हौसेनें काढलीं होतीं, तो आतां त्यांना केवळ आवाजांनीं ओळखावयाचा होता. परतीच्या वाटेवर, १३ मे १८७६ रोजीं, फ्रान्समधील मांतों येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांचें आत्मचरित्र पुढच्या वर्षीं त्यांच्या कन्येनें प्रसिद्ध केलें.

आज ठगाची कादंबरी पुनःपुनः छापली जाते. तारा मात्र ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर धूळ खात असते. भय लवकर विकलें जातें, ममतेला गिऱ्हाईक उशिरां मिळतें. हिंगोलीच्या छावणींतील ते खड्डे केव्हांच बुजले. हरिसिंगाचें दुकान कोठें होतें, हें आतां कोणी सांगणार नाहीं. परंतु त्यानें मुंबईच्या कापडाखालीं दडविलेली थट्टा एका तरुण परदेशी अंमलदारानें ऐकली, आणि सभ्य चेहऱ्यावरून माणसाची पारख करूं नये, एवढा धडा घेतला. पुढें तुळजापूर, सुरपूर, बुलढाणा येथें राहून त्यानें या धड्याची दुसरी बाजूहि गिरविली: माणसाच्या एका गुन्ह्यावरून त्याच्या सबंध मुलखाची पारख करूं नये. पहिला धडा जगानें त्याच्याकडून उत्सुकतेनें घेतला. दुसरा घेण्यासाठीं तारा त्या वरच्या फळीवरून खालीं काढावी लागेल.